त्याला सगळं कळतं, पण बोलत नाही

या वेळी लहान मुलांच्या बोलण्याबद्दल इतके प्रश्न आले की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. बहुतेक प्रश्न दीड ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल आहेत. सारखे वाटले ते एकत्र केलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. आई, बाबा, नको, दे, गाडी असे मिळून दहा-बारा शब्द बोलतो. पण त्याला सगळं कळतं हो, बूट आण म्हटलं की आणतो, काही हवं असलं की बोट दाखवतो. सासूबाई म्हणतात याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, मुलगे उशिराच बोलतात, थांब जरा. त्याच्याच वयाची शेजारची मुलगी घडाघडा बोलते, ती बोलायला लागली की माझ्या पोटात गोळा येतो. थांबू की दाखवू?

उत्तर : दाखवा. मुलात दोष आहे म्हणून नाही, तर थांबून मिळणार काहीच नाही आणि गेलेला वेळ परत येत नाही म्हणून.

आधी चांगलं काय आहे ते सांगते. बोट दाखवून मागतो, सांगितलेलं करतो, तुमच्याकडे बघतो, ही खूप मोठी जमेची बाजू आहे. बोलण्याच्या आधी समज येते आणि समजेच्या बरोबरीने हातवारे येतात, बोटाने दाखवणं ही बोलण्याचीच आधीची पायरी आहे. अशी बरीच मुलं तीन-साडेतीनपर्यंत आपली आपण बाकीच्यांना गाठतात. पण कुठलं मूल गाठेल आणि कुठलं मागे राहील हे घरी बसून सांगता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. साधारण दोन वर्षांला पन्नासेक शब्द आणि 'बाबा गेले', 'अजून दे' अशी दोन शब्दांची जोडी, एवढी अपेक्षा असते. सव्वादोनला दहा-बारा शब्द आणि जोडी नाही, म्हणजे तपासून घ्यायची वेळ झालेली आहे. मुलगे उशिरा बोलतात यात थोडं तथ्य आहे, पण तो फरक महिना-दोन महिन्यांचा असतो, वर्षभराचा नाही. आणि बाबा उशिरा बोलले ही गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा, कारण असं घराण्यात असू शकतं, पण म्हणून थांबायचं असा त्याचा अर्थ होत नाही, उलट लक्ष जरा जास्त द्यायचं.

पहिली तपासणी कानाची. यावर आया हमखास म्हणतात की अहो त्याला ऐकू येतं, टाळी वाजवली की वळून बघतो. टाळी, दाराचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं हे मोठे आवाज आहेत, ते कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही कळतात. सर्दी झाल्यावर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, कधीकधी ते आठवडेच्या आठवडे तसंच राहतं, दुखतही नाही, आणि मुलाला सगळं दबलेलं ऐकू येतं. त्याला 'बूट' आणि 'ऊट' यातला फरकच लागत नसेल तर तो बोलणार काय? ओएई आणि बेरा या ऐकू येतं का ते बघायच्या टेस्ट दुखत नाहीत, झोपलेल्या मुलाचीही होतात. स्पीच थेरपिस्टकडे गेलात तरी कुणीही चांगला थेरपिस्ट तुम्हाला आधी कानच तपासायला सांगेल.

तोवर घरी एक करून बघा. 'बूट आण' म्हणताना बुटाकडे बघू नका, हात करू नका, आणि बाहेर जायच्या वेळी तर अजिबात म्हणू नका. दुपारी खेळताना सहज म्हणा. आपण बोलताना नजर, मान, हात, रोजची वेळ या सगळ्यातून इतकं काही सांगत असतो की मूल शब्द न कळताही बरोबर काम करतं. नुसत्या शब्दावर आणलं तर उत्तम. नाही आणलं तर घाबरायचं नाही, डॉक्टरांना तेवढं सांगायचं.

आता घरी काय करायचं. 'बोल, मग देईन' हे आजपासून बंद. समजा तुम्ही त्याला मोजे घालताय. त्याने मोजा उचलला आणि 'उं' केलं. आपण काय करतो? 'हे काय आहे? मोजा. मोजा म्हण. म्हण ना राजा, मो-जा.' मूल तोंड फिरवतं, मोजा फेकतं, कारण ते सांगत होतं एक आणि आपण घेतली परीक्षा. त्याऐवजी म्हणा, 'अरे, मोजा! मोजा घालायचा?' आणि गप्प बसा. मनात पाचपर्यंत मोजा, हे सगळ्यात अवघड जातं, कारण आपल्याला शांतता सहन होत नाही. तो पाय पुढे करेल. 'हां, पायात घालू. घातला... अंगठा अडकला! ओढ, ओढ, ओढ.' आणि अर्धा ओढून थांबा, त्याच्याकडे बघा. तो 'ओ' म्हणेल, नुसता पाय हलवेल, काहीही करेल, तो त्याचा टर्न झाला. लगेच 'ओढ!' म्हणून पूर्ण ओढा. शब्द एकच, प्रसंग तोच, आणि त्या शब्दाने काहीतरी घडतं हे त्याच्या डोळ्यांसमोर. तो 'गाडी' म्हणाला की तुम्ही 'गाडी गेली' म्हणा, तो 'गाडी गेली' म्हणायला लागला की 'लाल गाडी गेली'. नेहमी त्याच्यापेक्षा एकच पाऊल पुढे. भाषा या देवाणघेवाणीत वाढते, नुसतं कानावर पडत राहिल्याने तेवढी वाढत नाही. दिवसभर त्याच्या अंगावर शब्दांचा मारा करायची काही गरज नाही.

आणि शेजारच्या मुलीशी तुलना करू नका असं मी म्हणणार नाही, ती होतेच. फक्त त्याच्यासमोर बोलून दाखवू नका.

प्रश्न : माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. मोबाईलवर बघून तिला एबीसीडी पूर्ण येते, इंग्लिशमधले आकडे येतात, रंग येतात, बरीच गाणी म्हणते. पण तहान लागली तर मागत नाही, नुसती रडते. हाक मारली तर बघत नाही, मोबाईल बंद केला की आकांत. हुशार आहे पण हट्टी आहे असं सगळे म्हणतात. तिला एवढे शब्द येतात तर ती बोलत का नाही? (एक बाबा)

उत्तर : तुम्ही प्रश्नातच नेमकं बोट ठेवलंय. येणारे शब्द आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एबीसीडी म्हणायला समोर माणूस लागत नाही. पाणी मागायला लागतो, आणि आपण मागितलं की तो काहीतरी करेल हा भरवसाही लागतो.

२००३ साली पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने अमेरिकेत एक फार सुंदर प्रयोग केला होता. नऊ महिन्यांच्या, घरी फक्त इंग्लिश ऐकणाऱ्या बाळांसमोर चिनी मँडरिन बोलणारी माणसं बसवली, ती बाळांशी खेळायची, पुस्तक दाखवायची, आणि अशी १२ सत्रं झाल्यावर बाळांना मँडरिनमधले बारीक ध्वनीभेद ओळखू यायला लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तोच मजकूर टीव्हीवर दाखवला, तेवढाच वेळ. ती बाळं काहीच शिकली नाहीत. बाळं स्क्रीनकडे बघत होती, तरीही. स्क्रीन बाळाच्या नजरेमागे वळत नाही, त्याच्या 'आ'ला 'आ' देत नाही, थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जे सांगितलं त्यात दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढा चांगला, असं स्पष्ट आहे. दूर राहणाऱ्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल हा त्यातला प्रकार नाही, तिथे पलीकडचं माणूस उत्तर देतं, तो चालू ठेवा.

पण तुमच्या पत्रातली मला जास्त महत्त्वाची वाटलेली गोष्ट मोबाईलची नाही. हाक मारल्यावर बघत नाही, गरज असताना मागत नाही. ती बोटाने काही दाखवते का, म्हणजे हवं म्हणूनच नाही तर 'ते बघ' म्हणून, आकाशात विमान दिसलं की तुमच्याकडे वळून बघते का, बाय-बाय करते का? याची उत्तरं 'नाही' असतील तर मोबाईल बंद करून दोन महिने वाट बघू असं करू नका. या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांना भेटा, कान तपासा, आणि ऑटिझमसाठीची (स्वमग्नतेसाठीची) प्राथमिक चाचणी करायची का असं स्वतःहून विचारा. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची प्रश्नावली असते, आईबाबांनीच भरायची, थोडा वेळ लागतो. त्यातून निदान होत नाही, पुढे नीट तपासायचं की नाही एवढंच कळतं. तुमची मुलगी मोबाईलमुळे अशी झाली असं मी म्हणत नाहीये, आणि तुम्ही एकमेकांना दोष देत बसू नका, त्यात फक्त दिवस जातात. मोबाईल मात्र आजपासून कमी करायला लागा, कारण काहीही निघालं तरी तिला माणसांबरोबरचा वेळ लागणारच आहे. पहिले काही दिवस फार रडेल. तेव्हा तिच्याबरोबर जमिनीवर बसा, नुसता मोबाईल काढून घेऊन तिला एकटी सोडली तर ते जमायचं नाही.

प्रश्न : नमस्कार. मी आजोबा. नात तीन वर्षांची. सूनबाई तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलतात, आम्ही मराठीत, शाळेत इंग्रजी. नात तिन्ही भाषा मिसळून बोलते, कुठलंच वाक्य धड एका भाषेत नसतं. शाळेतून सांगितलं की घरी फक्त इंग्रजी बोला, नाहीतर मूल गोंधळतं. आम्हाला इंग्रजी तुटकच येतं. आम्ही बोलायचं बंद करायचं का?

उत्तर : आजोबा, नमस्कार. अजिबात बंद करू नका. जास्त बोला.

दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलतं हा समज फार घट्ट बसलाय आणि तो चुकीचा आहे. हे जगभर पुन्हा पुन्हा तपासून झालंय. फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजायचे, एकाच भाषेतले मोजले तर साहजिकच कमी भरतात. आणि मिसळून बोलणं हा गोंधळ नाही. नातीला जो शब्द चटकन हाताशी येतो तो ती वापरते, मोठी माणसंही तेच करतात. हळूहळू कुणाशी कुठली भाषा हे ती आपोआप लावून घेईल, बहुतेक आत्ताच लावत असेल, जरा लक्ष देऊन बघा, तुमच्याशी बोलताना मराठी जास्त आणि आईशी बोलताना कमी असं दिसेल.

एक गंमतीची माहिती देते. आपल्याला 'ताट' मधला त आणि ट इतका वेगळा ऐकू येतो की त्यात काय कठीण असं वाटतं. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात हिंदीतल्या अशाच त-ट वर प्रयोग केला. घरी फक्त इंग्लिश ऐकणारी सहा-आठ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती, आणि दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांचा तो फरक सुटला. म्हणजे बाळ कुठल्याही भाषेसाठी तयार होऊन येतं आणि घरात जे ऐकू येतं त्याप्रमाणे वर्षभरात कान लावून घेतं. तुमच्या नातीचे कान तीन भाषांना लागलेत. हे कुठल्याही शाळेत फी भरून मिळत नाही.

आणि तुटक इंग्रजीत तुम्ही तिला काय सांगणार? सिट डाऊन, कम हिअर. माणूस ज्या भाषेत रागावतो, लाड करतो, लहानपणच्या आठवणी सांगतो, त्याच भाषेत त्याने मुलाशी बोलावं. शाळेतलं इंग्रजी शाळेत होईल. एक मात्र, तिन्ही भाषा मिळूनही तिचं बोलणं कमी वाटत असेल किंवा बाहेरच्यांना फारसं कळत नसेल, तर ते दाखवायला हवं. दोष भाषांवर टाकून थांबायचं नाही.

प्रश्न : माझा अडीच वर्षांचा मुलगा 'मी जाते', 'मी आले' असं मुलीसारखं बोलतो. 'मी केलं' ऐवजी 'मी करलं' म्हणतो. स्वतःला हवं असेल तर 'तुला पाहिजे' म्हणतो. आधी 'केलं' बरोबर म्हणायचा. मागे जातोय का?

उत्तर : मागे जात नाहीये, पुढे आलाय! दिवसभर तुमच्याजवळ असतो, तुम्ही 'मी जाते' म्हणता, तोही तेच म्हणतो. इतकं साधं आहे. बाबा, काका, मोठा भाऊ यांचं 'मी जातो' जास्त कानावर पडलं की सुटेल. आणि 'करलं' तर फार मोलाचं आहे. आधी तो 'केलं' हा ऐकलेला शब्द जसाच्या तसा म्हणत होता. आता त्याला नियम सापडलाय, बसलं, उठलं, पडलं, मग करलं का नाही? हे त्याने कुणाकडून ऐकलेलं नाही, स्वतः बनवलंय. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला 'वग' असं नाव दिलं आणि मग दोन दाखवून विचारलं, तेव्हा मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. तेच तुमच्या घरी चाललंय.

'असं नाही, असं म्हण' करू नका. तो म्हणाला 'मी करलं' की 'हो, तू केलंस! छान केलंस' एवढंच. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि त्याचं बोलणंही तुटत नाही. 'तुला पाहिजे'चंही तसंच, तीन वर्षांच्या आसपास मार्गी लागतं. त्यानंतरही राहिलं आणि बाकी गप्पा होत नसतील, फक्त ऐकलेलं परत म्हणत असेल, तर दाखवा.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची, छान बोलायची, गेल्या दोन महिन्यांपासून 'म-म-म-मला' असं अडखळते. घरी सगळे सांगतात, हळू बोल, श्वास घे, मग बोल. आणखी वाढलंय. कुणाची नक्कल करत असेल का?

उत्तर : नक्कल नाही, आणि कुणी घाबरवल्यामुळे किंवा तुम्ही रागावल्यामुळेही नाही. दोन ते पाच या वयात शंभरातली साधारण पाच मुलं अडखळण्याच्या टप्प्यातून जातात आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप थांबतं, मुलींचं तर जास्तच. 'हळू बोल, श्वास घे' हे मात्र सगळ्यांनी बंद करा. ते प्रेमाने सांगितलेलं असतं पण मुलीला एवढंच कळतं की माझं बोलणं चुकतंय. तिचं वाक्य पूर्ण करू नका. तिच्या डोळ्यांत बघत ऐका, ती काय सांगतेय त्याला उत्तर द्या. तिला हळू बोल म्हणण्याऐवजी तुम्ही स्वतः हळू बोला, दोन वाक्यांत जरा थांबा, आणि दिवसातून दहा मिनिटं अशी काढा की तिला कुणाशी स्पर्धा करून बोलावं लागणार नाही. घरात कुणाला तोतरेपणा असेल, बोलताना तिचा चेहरा ताणला जात असेल, डोळे मिटत असतील, शब्दच बाहेर येत नसेल, किंवा ती बोलणं टाळायला लागली असेल तर लगेच स्पीच थेरपिस्टकडे जा. यातलं काही नसलं तरी आणखी काही महिने चाललं तर जाच.

प्रश्न : चार वर्षांचा मुलगा 'र'ला 'ल' म्हणतो, 'ळ' येत नाही. ओळखीचे सांगतात जीभ चिकटलीय, कापून घ्या.

उत्तर : प, ब, म आधी येतात, र, ळ, श हे उशिरा, काही मुलांना शाळेत गेल्यावर. चारला 'लस्ता' म्हणत असेल तर चालतं. बाहेरच्या माणसाला मुलाचं किती कळतं ते बघा, दोन वर्षांला निम्मं, तीनला पाऊणभर, चारला जवळपास सगळं कळायला हवं. कळत असेल तर निवांत राहा. जिभेखालचा पडदा आखूड असला तरी त्यामुळे बोलणं उशिरा येत नाही, आणि उच्चारावरही बहुतेक मुलांत परिणाम होत नाही, म्हणून थेरपिस्टने बघितल्याशिवाय कापायचा विषयच नको. आणि त्याच्याशी बोबडं बोलू नका. आवाज लाडिक, सूर वरखाली, हळू, हे सगळं छान, बाळांना त्याने मदतच होते, पण शब्द बरोबर हवेत.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. एक मुलगी चार महिने झाले, वर्गात एक शब्द बोलत नाही. आई व्हिडिओ दाखवते, घरी अखंड बडबड. हट्ट आहे का?

उत्तर : हट्ट नाही, तिच्या घशात शब्द अडकतो. नवीन शाळेत पहिला महिनाभर गप्प राहणं साहजिक आहे, त्यापुढे चाललं तर याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात आणि त्याचं मूळ भीतीत असतं. आईला बालमानसतज्ज्ञांकडे पाठवा. तुम्ही वर्गात तिला प्रश्न विचारून वाट बघत उभ्या राहू नका, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर येतात. तिच्या शेजारी बसून तिच्या चित्राबद्दल आपणच सहज बोला, मान हलवली, बोट दाखवलं तरी ते उत्तर समजा. आणि एखाद्या दिवशी बोललीच तर 'बघा बघा, बोलली' करून टाळ्या वाजवू नका. रोज बोलत असल्यासारखं पुढे चालू ठेवा.

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा वर्षाचा असताना पाच-सहा शब्द बोलायचा, टाटा करायचा. आता दीड वर्षाचा आहे, सगळं बंद. दात येतायत म्हणून, सर्दी झाली म्हणून, असं काहीतरी कारण सांगते. मी मावशी. बोलले तर ती दुखावते. काय करू?

उत्तर : या आठवड्यात बोला. बाकी सगळ्या प्रश्नांत थोडं इकडेतिकडे चालतं, इथे चालत नाही. आलेले शब्द, आलेला टाटा गेला, तर वय कितीही असो, वाट बघायची नाही. कान, फिट्स, ऑटिझम, सगळ्याच बाजूंनी डॉक्टरांना बघावं लागतं, आणि लवकर गेलं तर करण्यासारखं पुष्कळ असतं.

'तुझ्या मुलाला काहीतरी झालंय' असं म्हणू नका. बघितलेलं तेवढं सांगा. तो आधी टाटा करायचा, आता करत नाही, मला काळजी वाटतेय, मी बरोबर येते. तुमच्या मोबाईलमध्ये त्याचे जुने व्हिडिओ नक्की असतील, ते शोधा, तारखा बघून ठेवा आणि सोबत न्या, कारण आधी काय येत होतं हे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसलं तर निम्मा वेळ वाचतो. अपॉइंटमेंट तुम्हीच घ्या. ती चिडेल कदाचित, चिडू दे, तुम्ही तरीही तिच्याबरोबर जा.